पाचाचे वीस

सायकालने पाचाचे वीस केले ते एका मंगळवारी, दुपारच्या चहाआधी. तेव्हा तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. पडद्यावरच्या एका ओळीत पाचाचा आकडा होता. तो खोडून तिने तिथे वीस टाकले, गणित पुन्हा चालवलं आणि आलेख बघून ती स्वतःशीच हसली. बॅटरीचं आयुष्य अडीच वर्षांवरून चार वर्षं दोन महिन्यांवर गेलं होतं. शेजारी तिच्या हाताखालचा तरुण संशोधक मेदेर बसला होता, त्याला तिने हाक मारली. तो पडद्यापुढे वाकला, आलेखावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "एजेके, आता तुम्हाला कोणी अडवत नाही." एजेके म्हणजे ताई.

बिश्केकच्या त्या संस्थेत तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बिनतारी जाळ्यांची वीज कशी वाचवायची हा सायकालचा विषय, आणि त्यामागे तिने आयुष्याची सोळा वर्षं घातली होती. लग्न झालं नाही, त्याचं कारणही घरचे हेच सांगत. रेडिओची एक खोड असते. बोलायला जेवढी वीज लागते, जवळजवळ तेवढीच त्याला नुसतं कान देऊन बसायलाही लागते. डोंगरावर ठेवलेले रेडिओचे डबे दिवसरात्र एकमेकांची हाक ऐकत बसायचे आणि वर्षाच्या आत बॅटऱ्या मरायच्या. मग त्यांना झोपवायचं. पण सगळ्यांना एकाच क्षणी जाग आली पाहिजे, नाहीतर एक हाक मारतो नि दुसरा घोरत असतो. त्यात थंडीने घड्याळं मागे पडतात, प्रत्येकाचं वेगळं. ही घड्याळं जुळवण्यात सायकालची तीन वर्षं गेली, आणि ते तिला असं साधलं की परदेशची माणसं पत्र लिहून विचारू लागली. त्यावर तिने आणखी एक गोष्ट बसवली. सगळं शांत असेल तर डब्यांनी हळूहळू झोप वाढवत न्यायची, काही हललं की झोप बंद. फक्त झोपेला एक मर्यादा हवी. ती आधी पाच मिनिटं होती, मंगळवारी वीस झाली.

हे डबे होते काराजार गावाच्या वर, हिमनदीच्या पायथ्याच्या तळ्याकाठी. पहिला डबा तळ्याचं पाणी मोजायचा, दुसऱ्याला सांगायचा, दुसरा पुढच्या कड्यावरच्या तिसऱ्याला, असं नऊ डब्यांतून निरोप गावात उतरायचा. पाणी नेहमीपेक्षा वर किंवा खाली गेलं की शाळेच्या छपरावरचा भोंगा वाजायचा.

बॅटऱ्या बदलायचं काम तुर्दुबेककडे होतं. साठी उलटलेला, मेंढ्यांमागे हिंडून पाय वाकडे झालेला माणूस. दर सप्टेंबरात तो घोड्याच्या दोन्ही बाजूंना बॅटऱ्यांच्या पिशव्या लटकवून वर जायचा आणि चार दिवसांनी यायचा. सायकाल पहिली सहा वर्षं दर उन्हाळ्यात त्याच्याच घरी उतरत होती. त्याची बायको कालबूबू तिच्यासाठी पिठाचे बोरसोक तळून ठेवायची, वर घट्ट सायीची वाटी.

"तुझे डबे माझ्या घोड्यापेक्षा जास्त खातात," तुर्दुबेक म्हणायचा. "घोडा निदान गवतावर भागवतो."

"ह्यांचं ऐकू नकोस," कालबूबू चहा ओतता ओतता म्हणायची. "डोंगरात चार दिवस मिळतात ना, चैन आहे ह्यांची. घरी असले की कोकरासारखे पायात पायात येतात."

"चैन म्हणे. गुडघे बघ माझे."

"गुडघे कसले बघायचे. माझ्या आधी पोचतात कुठे ते? लग्नाच्या वर्षी डोंगर चढायची पैज मी जिंकले होते, सायकाल. अजून कबूल करत नाहीत."

"तू जवळच्या वाटेने गेलीस."

असं त्यांचं चालायचं. मुलगा मॉस्कोला कामाला, घरात दोघंच. सायकाल आली की दोघांना भांडायला प्रेक्षक मिळे.

नव्या बॅटऱ्या आणि नवी आज्ञावली घेऊन ती काराजारला गेली, ते अवघड काम होतं. नऊच्या नऊ डब्यांपाशी जाऊन, झाकण उघडून, केबल लावून ती आज्ञावली भरावी लागली. पूर्वी हे बिश्केकहून हवेतून करता येई. पण त्यासाठी डब्यांना रोज थोडा वेळ जागं राहावं लागे, आणि ती जाग सायकालनेच काढून टाकली होती. वीज वाचवायची तर सगळीकडूनच वाचवायची. आठवडाभर ती आणि तुर्दुबेक वर होते. शेवटच्या दिवशी तळ्याकाठी दगडावर बसून दोघांनी नान आणि चीज खाल्लं.

"म्हणजे आता चार वर्षं कोणी वर यायचं नाही," तुर्दुबेक म्हणाला.

"गरजच नाही, बाइके. तुमचे गुडघे सुटले." बाइके म्हणजे दादा; ती त्याला तसंच म्हणायची.

"आणि माझं काम?"

हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ती अवघडली. "मी संचालकांशी बोलेन. दुसरं काहीतरी..."

"राहू दे. मेंढ्या आहेत." त्याने हात झटकून तुकडे पाण्यात टाकले. "तळ्याकडे बघायचं कोणी?"

"डबे बघतील. दर वीस मिनिटांनी."

"आणि मधल्या वेळात?"

"मधल्या वेळात तळं काय करणार आहे?" सायकाल हसली. "सहा वर्षांच्या नोंदी आहेत माझ्याकडे. तासाभरात ते वीतभरसुद्धा हललेलं नाही. चढायला लागलं तरी दिवस घेईल."

तुर्दुबेकने बर्फाच्या भिंतीकडे बघितलं. "माझा बाप म्हणायचा, हे तळं फुगून फुटणारं नाही. खालून बर्फाला भोक पडतं, आणि मोरी उघडावी तसं ते एकदम जातं."

"त्यांनी पाहिलं होतं?"

"नाही. त्याने त्याच्या बापाकडून ऐकलं."

सायकालने वही काढून ते लिहून घेतलं. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून लिहिलं, हे तिने पुढे स्वतःजवळ कबूल केलं. मर्यादा पुन्हा पाच करता आली असती. केबल हातात होती, डबा समोर होता. पण प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांनी चार वर्षं मागितली होती, आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःलाच तो आलेख फार आवडला होता.

शोधनिबंध छापून आला. संचालक शामशी आगायने सगळ्या मजल्यांवर केक वाटला. पुढच्या दोन वर्षांत आणखी सात तळ्यांवर तेच डबे, तीच आज्ञावली बसली. काराजारला जायचं कारण उरलं नाही, त्यामुळे सायकाल गेलीही नाही. नवरोझला कालबूबूचा फोन यायचा. "तुझ्या डब्यांनी आमचं माणूस तोडलं बघ," ती म्हणायची, आणि सायकाल म्हणायची, येते, यंदा नक्की येते.

तिसऱ्या वर्षी जुलैतला गुरुवार. मेदेरने गावाकडून चेरी आणल्या होत्या, आणि दोघं खिडकीशी उभं राहून खात होते. एक वाजून त्रेचाळीस मिनिटांनी पडद्यावर लाल पट्टी आली. काराजारचं तळं चार मीटर खाली.

"मोजणारी नळी पडली असेल," मेदेर म्हणाला.

सायकाललाही तसंच वाटलं. एवढं पाणी दोन मोजण्यांच्या मध्ये जात नाही. पण आता डबे झोपायचे थांबले होते, आणि मिनिटाने पुढचा आकडा आला. साडेचार मीटर. मग पाच. तिने तुर्दुबेकला फोन लावला, कोणी उचलला नाही. कालबूबूला लावला, तो लागलाच नाही. दोनला दहा कमी असताना काराजारच्या शाळेत कोणीतरी फोन उचलला, पण बोललं नाही. मागे माणसं ओरडत होती आणि त्या सगळ्याखाली गिरणी चालावी तसा एकच आवाज होता.

ती मेदेरला घेऊन निघाली. पूल वाहून गेला होता, शेवटचे काही मैल चालत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव दिसलं. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना जिथे कुरण होतं तिथे राखाडी चिखल आणि घराएवढे धोंडे. खालच्या आळीतली अकरा घरं दिसतच नव्हती. पण माणसं होती. वर टेकडीवर, शाळेत, सगळी होती. भोंगा वाजला आणि लोक हातातलं टाकून वर पळाले. तीन मिनिटं मिळाली होती, आणि खालच्या आळीतून टेकडी गाठायला तीन मिनिटं कशीबशी पुरली. त्रेसष्ट माणसं वाचली.

दोन बायका मात्र खालीच राहिल्या. घरांपासून बऱ्याच खाली, ओढ्याच्या वळणावर, नमद्यासाठी लोकर धूत बसल्या होत्या. एक शेजारची नवी सून, आसेल नावाची. दुसरी कालबूबू.

तुर्दुबेकच्या घराबाहेर तंबू उभा केला होता. आतून बायकांचं रडगाणं ऐकू येत होतं. तुर्दुबेक कमरेला पट्टा बांधून काठीवर ओणवा होऊन दारात उभा होता आणि आपल्या रीतीप्रमाणे मोठ्याने रडत होता. सायकालला बघून तो पुढे आला. तिला वाटलं, हा आता मारेल. त्याने तिचं डोकं छातीशी धरलं.

"वाजला गं तुझा भोंगा," तो म्हणाला. "मी वर गवत कापत होतो. तिथून ऐकला. सगळं गाव पळताना दिसलं मला. तुझ्या डब्यांनी गाव वाचवलं."

माणसं एकेक करून येत होती, तिचे हात हातात घेत होती. एका म्हातारीने तिच्या खिशात नान कोंबला. कोणी म्हणालं, ही पोरगी नसती तर आज आपण सगळे चिखलात असतो. पंधरवड्यापूर्वीच्या नोंदी, सहा वर्षांच्या नोंदी, सगळं डोक्यात फिरत होतं आणि त्यात एक आकडा कुठेतरी चुकतोय असं तिला वाटत होतं. तो कोणता हे तिला माहीत होतं. फक्त अजून तिने बसून मांडला नव्हता.

तो तिने बिश्केकला परत आल्यावर मांडला. खोऱ्यातल्या भूकंपमापकावर एक वाजून चोवीस मिनिटांची थरथर उमटली होती. बर्फ तेव्हा फुटला. डबे बावीसला जागे झाले होते. तेव्हा तळं शांत होतं, म्हणून झोपले ते बेचाळीसला उठले. भोंगा त्रेचाळीसला वाजला, लोंढा गावात सेहेचाळीसला. मर्यादा पाचाची असती तर डबे सत्तावीसला उठले असते आणि भोंगा अठ्ठावीसला वाजला असता. तीन मिनिटांच्या जागी अठरा. तिने हे तीन वेळा मांडलं, मग मेदेरला मांडायला सांगितलं. त्याने कागद तिच्यापुढे ठेवला.

"बरोबर आहे?" तिने विचारलं.

"गणित बरोबर आहे, एजेके."

सरकारी चौकशी समिती बसली तेव्हा सायकाल तो कागद घेऊन गेली. तीन जण होते, शामशी आगाय त्यांच्या शेजारी. तिने सगळं सांगितलं, पाच, वीस, बावीस, चोवीस. समितीचा प्रमुख शांतपणे ऐकत होता. चांगला माणूस वाटला.

"वीस मिनिटांची मर्यादा प्रकल्पाच्या आराखड्यात होती का?" त्याने विचारलं.

"होती. मीच घातली."

"आणि आराखडा मंजूर झाला होता?"

"झाला होता."

"मग यंत्रणा आराखड्याप्रमाणे चालली."

"आराखडाच चुकला, असं मी सांगतेय."

"बाई, तुम्ही थकला आहात," तो म्हणाला. "त्रेसष्ट माणसं जिवंत आहेत. आमच्या हातून आजवर इतकी कधी वाचली नाहीत." आणि त्याने तिचा कागद फाइलमध्ये न लावता तिच्याकडे परत सरकवला.

बाहेर जिन्यात शामशी आगायने तिला गाठलं. "तुला काय हवंय? तुरुंगात जायचंय?"

"लिहून हवंय. कुठेतरी लिहिलेलं असावं."

"आणि मग बाकीच्या सात तळ्यांचं काय? पैसे देणारे उद्या हात काढून घेतील. वीस मिनिटांनी का होईना, आज कोणीतरी बघतंय तिथे. उद्या कोणीच बघणार नाही. ते चालेल तुला?"

तो तसा वाईट माणूस नव्हता, आणि तो म्हणत होता ते खोटंही नव्हतं.

मासिकालाही तिने लिहिलं, माझा निबंध मागे घ्या. तीन आठवड्यांनी सभ्य उत्तर आलं. निबंधात कोणतीही चूक आढळत नाही, मोजमापं अचूक आहेत, मागे घेण्याचं कारण दिसत नाही. शेवटी अभिनंदनाची एक ओळ होती.

कालबूबूच्या चाळिसाव्या दिवसाला ती काराजारला गेली. घोडा कापला होता, गावजेवण झालं. दुपारी माणसं पांगली तेव्हा तुर्दुबेक घरामागच्या ओट्यावर एकटा बसला होता. सायकाल त्याच्याजवळ बसली आणि तिने सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं, काही लपवलं नाही. आलेख आवडला होता, हेही सांगितलं. तुम्ही वडिलांची गोष्ट सांगितलीत तेव्हा मी मनात हसले होते, हेही.

त्याने ओठांवरून हात फिरवला.

"किती मिनिटं म्हणालीस?"

"पंधरा. पंधरा मिनिटं आधी वाजला असता."

"वळणापासून टेकडी," तो म्हणाला, जसं काही दुसऱ्याच कोणाला वाट सांगत होता. "लोकर टाकून निघाली असती तर दहा मिनिटं. ती लोकर टाकणारी नव्हती. उचलून घेतली असती थोडी. मग बारा."

"बाइके..."

"आली असती ती. तिचे पाय माझ्यापेक्षा चांगले होते."

त्याने पैजेबद्दल पहिल्यांदाच कबूल केलं होतं, आणि ते ऐकायला कालबूबू नव्हती. सायकाल रडू लागली. तो रडला नाही.

"हे मला का सांगितलंस?" त्याने विचारलं.

"तुम्हाला खरं कळायला हवं होतं."

"मला हवं होतं? मी मागितलं होतं?" त्याचा आवाज चढला नाही. "चाळीस दिवस मी म्हणत होतो, देवाने नेली. त्याची होती, त्याने नेली. सकाळी उठायला तेवढं पुरत होतं मला. आता उद्या उठून काय म्हणू? वीस आकड्याने नेली म्हणू? एका पोरीला रेघ आवडली म्हणून नेली?"

तिने डोळे पुसले.

"तुला जड झालं म्हणून तू इथे आणून ठेवलंस," तो म्हणाला. "बायको नेलीस ती नेलीस. ती कोणी नेली हेही ठेवलं नाहीस माझ्याकडे. आता जा."

ती उठली. फाटकापाशी त्याचा मुलगा झानार्बेक भांडी धुणाऱ्यांना पाणी देत होता. मॉस्कोहून आलेला, थकलेला. त्याने तिला थांबवून मांसाचा डबा हातात दिला. रीत होती, कोणी रिकाम्या हाताने जायचं नाही. ती तो डबा मांडीवर घेऊन सहा तास गाडीत बसली.

त्यानंतर तिला एकच काम दिसत होतं. उरलेल्या सात तळ्यांवर जायचं, प्रत्येक डबा उघडायचा आणि विसाचे पुन्हा पाच करायचे. हवेतून ते होण्यासारखं नव्हतं, ती वाट तिनेच बंद केली होती. सप्टेंबर लागला होता. शामशी आगायने गाडी दिली नाही. ती आणि मेदेर मेदेरच्या भावाच्या जुन्या गाडीतून निघाले. दोन तळी झाली. तिसऱ्याच्या खिंडीत बर्फ कमरेपर्यंत होता. मेदेरच्या पायाची दोन बोटं गारठून काळी पडली, आणि तिला त्याला घेऊन परत फिरावं लागलं. इस्पितळात त्याची आई तिच्याशी बोलली नाही. हिवाळ्यात मेदेर अल्माटीला एका टेलिफोन कंपनीत लागला. निघताना तो भेटायला आला, लंगडत होता. "एजेके, तुम्हीही सोडा," तो म्हणाला. "कुठेही काम मिळेल तुम्हाला."

"मी सोडलं तर ती पाच कोण करणार?"

ती पाच तळी त्याच्याकडून होणार नव्हती, आणि तिलाही तसं म्हणायचं नव्हतं.

तळी गोठली की धोका नसतो. हिवाळाभर सायकाल रोज पडद्यासमोर बसे. पाच तळ्यांचे आकडे वीस वीस मिनिटांनी येत. मधल्या वेळात ती काही करत नसे. वाचन सुटलं, नवं लिहिणं सुटलं. जेवताना घास हातात धरून ती घड्याळाकडे बघे. बहीण येऊन तिला घरी घेऊन गेली, तर तिथे तिला धड बसवेना.

एप्रिलमध्ये शामशी आगायने तिला बोलावून घेतलं. टेबलावर काराजारचा अंतिम अहवाल होता. यंत्रणा आराखड्याप्रमाणे चालली, इशारा वेळेत मिळाला, त्रेसष्ट जीव वाचले, पद्धत इतरत्र वापरण्यास योग्य. खाली तिच्या नावापुढे रेघ मोकळी होती.

"तुझ्या सहीशिवाय हे पुढे जात नाही," तो म्हणाला. "आणि हे पुढे गेलं नाही तर पैसे येत नाहीत. सही कर. जूनमध्ये गाडी, दोन माणसं, हव्या तेवढ्या बॅटऱ्या. पाचही तळी. पाच मिनिटं करायचंय ना तुला? कर. कोणी विचारणार नाही."

"त्यात 'वेळेत' लिहिलंय."

"मला दिसतंय."

"ते काढा."

"ते काढलं की काही उरत नाही, सायकाल. तुलाही कळतं."

तिने अहवाल घरी नेला, परत आणला. दोन दिवस गेले. जूनच्या मध्यावर तळ्यांवरचा बर्फ सुटतो, त्यानंतर कोणत्याही दिवशी काहीही होऊ शकतं. प्रत्येक तळ्याखाली गाव होतं, गावांत बायका ओढ्यावर जात होत्या. तिसऱ्या दिवशी तिने सही केली.

गाडी मिळाली. जूनमध्ये तीन तळी झाली. चौथ्याच्या वाटेवर, एका खेड्यात घोड्यांसाठी थांबले असताना तिचा फोन वाजला. तुर्दुबेक होता. दहा महिन्यांत पहिल्यांदा.

"शाळेत सरकारी माणूस आला होता," तो म्हणाला. "कागद वाचून दाखवला सगळ्यांना. इशारा वेळेत मिळाला म्हणे. खाली तुझं नाव वाचलं."

"हो, बाइके."

"वाचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हणतोय, तू मला ओट्यावर सांगितलंस ते एक आहे, आणि हे एक आहे. दोन्ही तुझंच. यातलं खरं कोणतं?"

त्याने ते हळू विचारलं, आणि तिला त्याच्या आवाजात ओळखू आलं की त्याला काय ऐकायचंय. अहवाल खरा, एवढंच म्हणायचं होतं. मी तेव्हा शोकात होते, माझं गणित चुकलं होतं. दोन शब्दांत त्याला त्याचा देव परत मिळाला असता. घोडेवाला तिच्याकडे बघत खोगीर आवळत होता.

"तुम्हाला सांगितलं ते खरं," ती म्हणाली.

"मग सही?"

"गाडी हवी होती. दुसऱ्या तळ्यांवर जायला."

"मिळाली?"

"मिळाली."

तिला वाटलं, शिवी देईल. द्यावी असं तिला वाटत होतं. पलीकडे कुत्रं भुंकलं, कोणीतरी दुरून त्याला चहाला हाक मारली, आणि त्याने "आलो" म्हटलं, तिला नाही, त्या माणसाला. फोन बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही. तो तसाच खिशात गेला असावा. कापडाची सळसळ झाली, मग खडीवर काठीचा आणि पायांचा आवाज, हळू हळू जाणारा.

सायकालने फोन कानाला तसाच धरून ठेवला. घोडेवाला म्हणाला, बाई, ऊन चढतंय. तिने हाताने थांब म्हटलं. पावलं बराच वेळ ऐकू येत होती. मग एक दार वाजलं, भांडी वाजली, आणि तुर्दुबेक कोणाला तरी सांगत होता की साखर नको, नुसताच दे.